पिकअपमध्ये बसलेली माणसं, अंधारात उभी ट्रॉली आणि नावावर नसलेली गाडी: भरपाई द्यायची कोणी?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण कुणाला माहिती असेल तर सांगा, घरात सध्या कुणाचंच डोकं चालत नाहीये. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आमच्या भाऊबंदकीत लग्न होतं, एरंडोल साइडला. वऱ्हाडाला एक लक्झरी केलेली आणि त्यात मावली नाहीत ती माणसं पिकअपमध्ये बसली, आपल्याकडे बसतातच. रात्री परत येताना पारोळ्याच्या अलीकडे हायवेला मक्याची भरलेली ट्रॉली उभी होती, अंधारात दिसलीच नाही, पिकअप तिच्या मागच्या कोपऱ्याला घासली आणि उलटली. माझा चुलतभाऊ जागेवरच गेला. ३४ वय. मागे वहिनी, दोन लेकरं आणि काकू. बाकी चारपाच जण जखमी, एकाच्या पायात रॉड टाकलाय.

आता परिस्थिती अशी की एफआयआर पिकअपच्या ड्रायव्हरवर आहे. विमा कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की मालाच्या गाडीत माणसं होती, आमचा काही संबंध नाही. आरसीवर ज्याचं नाव आहे तो अमळनेरचा, तो म्हणतो मी गाडी कधीच विकून टाकली, स्टॅम्पपेपर आहे माझ्याकडे. ज्याने विकत घेतली तो म्हणतो गाडी माझ्या नावावर कुठेय. ड्रायव्हर बिचारा रोजावरचा, त्याच्या घरी काय आहे देण्यासारखं. आणि गावातली चार मोठी माणसं म्हणताहेत की लाख रुपये घ्या, लिहून द्या, मिटवून टाका, कोर्टात चपला झिजतील. पोळा तोंडावर आलाय आणि वहिनी रोज विचारतात की भाऊ काय करायचं. खरंच काही होऊ शकतं का यात?

खान्देशी_पोऱ्या
भाऊ, वाचीसन जीव कसा तरी व्हई गया. आमना गावमा बी असंच व्हयनं व्हतं, लोके म्हणतस मिटाडी टाका, मंग त्या पोरेसले कोन देखस? सही करू नका एवढंच सांगतो, बाकी इथे जाणकार आहेत ते बोलतीलच.

सरळवाट
दुःखाची गोष्ट आहे, पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मालाच्या गाडीत माणसं बसवणं हे बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. दरवर्षी ऐकतो, दरवर्षी माणसं मरतात. २०२१ च्या फेब्रुवारीत किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून त्यावर बसलेले पंधरासोळा मजूर दबून गेले. २०२५ च्या दिवाळीत चांदशैली घाटात अस्तंब्याच्या यात्रेहून येणारी गाडी उलटली. तरी आपण बसतोच. मग विमा कंपनीने पैसे का द्यावेत? विमा मालाच्या गाडीचा, प्रवासी वाहतुकीचा हप्ता त्यांनी घेतलेलाच नाही. बसणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का?

सातपुड्याची_लेक
सरळवाट दादा, तुम्ही जळगाव-धुळ्यात राहात असाल. आमच्या धडगाव भागात येऊन बघा. दिवसातून किती एसट्या येतात, आणि यात्रेच्या दिवशी त्यात किती माणूस मावतो. बाजाराला जायचं, दवाखान्यात जायचं, गुजरातेत मजुरीला जायचं, सगळं पिकअपवर. माणूस हौसेने नाही बसत टपावर. मी शाळेत शिकवते, माझ्या वर्गातली मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात तीसुद्धा ट्रकमधल्या सामानावर बसून. कायदा मोडला हे खरं असेल, पण गाडी ज्याने भरली, भाडं ज्याने घेतलं, त्याला सोडून आधी मेलेल्याला विचारायचं हे मला पटत नाही.

केळीगट_रावेर
किनगावच्या वेळचं आठवतंय, गेलेल्यांत आमच्या रावेर तालुक्यातली माणसं होती, घराघरात रडारड. केळीचं असो पपईचं असो, माल भरायला टोळी जाते आणि परत येताना मालावरच बसून येते, रात्रीचं, दमलेली, अर्धी माणसं झोपलेली. ट्रकवाल्याला वाटतं वजनच वाढलं थोडं, व्यापाऱ्याला वाटतं माझी जबाबदारी मालापुरती. माझा प्रश्न आहे जाणकारांना, हमाल मजूर असेल तर त्याचा विमा असतो का? आमच्या गटात दोन वर्षं झाली भांडतोय की टोळीसाठी वेगळी गाडी लावा म्हणून.

कोर्टकचेरी_धुळे
बोरीकाठ भाऊ, मी अपघात दाव्यांची कामं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी सगळ्यात महत्त्वाचं: मुदत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि त्यातला दाव्यांचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला, तेव्हापासून कलम १६६ खाली भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाकावा लागतो. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणीही राहू नये. आखाजीच्या आधीचा अपघात आणि आता पोळा आला म्हणजे तुमच्या हातात फार दिवस उरलेले नाहीत. गावातल्या बैठका नंतर करा, आधी कागद गोळा करा.

आता विमा कंपनीचा माणूस जे बोलला ते अर्धं बरोबर आहे. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००३ सालीच सांगितलंय. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत असेल तर तो विम्यात येतो, पण वऱ्हाडी येत नाहीत. आणि मी आधीच सांगते, कुणीतरी सल्ला देईल की आंदणाची भांडी गाडीत होती असं सांगा, तसलं काही करू नका, जखमींचे जबाब पोलिसांकडे आधीच झालेले आहेत आणि एक खोटं पकडलं गेलं की खरा दावाही बुडतो.

उरलेली अर्धी गोष्ट तो माणूस बोलला नाही. पहिलं म्हणजे कंपनी सुटली तरी मालक आणि ड्रायव्हर सुटत नाहीत. दुसरं, अशा काही प्रकरणांत, अगदी ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या प्रकरणातसुद्धा, २०१८ साली सुप्रीम कोर्टाने विमा कंपनीला सांगितलंय की तुम्ही आधी पैसे भरा आणि मग मालकाकडून वसूल करा. दरवेळी मिळतंच असं नाही, पण मागायचं असतं.

मालकाचं म्हणाल तर कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. हेही २०१८ च्याच एका निकालात पक्कं झालंय, त्यात तर गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरलेली होती आणि तरी जबाबदारी आरसीवरच्या माणसावरच ठेवली. अमळनेरच्या गृहस्थांचा स्टॅम्पपेपर त्यांना विकत घेणाऱ्याशी भांडायला उपयोगी पडेल, तुमच्या वहिनींच्या विरोधात नाही. दाव्यात आरसीवाला, विकत घेणारा आणि ड्रायव्हर, तिघांनाही सामनेवाले करायचं.

केळीगट भाऊ, तुमचं उत्तर: गाडीमालकाने स्वतः लावलेला हमाल असेल तर तो मालवाहू गाडीतला कामगार म्हणून विम्यात येतो, कामगार नुकसानभरपाईच्या मर्यादेत. पण तो कुणाचा मजूर, मजुरी कोण देत होता, याचा एक कागद नसतो आणि सगळं तिथेच अडतं. टोळीच्या मुकादमाकडे नुसती वही असली आणि त्यात गाडीमालकाकडून मजुरी आल्याची नोंद असली तरी खूप फरक पडतो.

आणि बोरीकाठ भाऊ, ती ट्रॉली. तुम्ही एका ओळीत उल्लेख करून पुढे गेलात. ती कोणाची? रस्त्यावर कुठे उभी होती? मागे रिफ्लेक्टर होता का, दिवा होता का?

बोरीकाठ
ताई खूप आभार. ट्रॉली जवळच्याच गावच्या शेतकऱ्याची. ट्रॅक्टरचा हूक तुटला म्हणून ट्रॉली तिथेच सोडून तो ट्रॅक्टर घेऊन गावात गेला होता असं ऐकलं. पण पोलिसांनी त्याचं नाव कुठेच घेतलेलं नाही, सगळे म्हणतात ट्रॉली तर उभी होती, उभ्या गाडीची काय चूक, धडकणाऱ्याची चूक. आम्हीही तसंच धरून चाललो होतो. तो चांगला बागायतदार आहे, आणि आता लक्षात येतंय की लाख रुपये घ्या म्हणणाऱ्यांत त्याचे नातेवाईक आहेत.

ट्रान्सपोर्टवाला_शिरपूर
उभ्या गाडीची काय चूक म्हणणारे एकदा रात्री माझ्यासोबत केबिनमध्ये बसा. मी आग्रा रोडला आणि सुरत-नागपूरला पंचवीस वर्षं गाड्या चालवल्यात, आता पोरगा चालवतो. चालत्या गाडीची भीती वाटत नाही तेवढी उभ्या गाडीची वाटते. समोरून येणाऱ्याचा अप्पर लाइट डोळ्यात गेला की पुढचे दोनतीन सेकंद काहीच दिसत नाही आणि ऐंशीच्या स्पीडला एका सेकंदात बावीस मीटर जातात, मग ती मक्याची नाहीतर उसाची ट्रॉली, मागे ना रिफ्लेक्टर ना लाल कापड, माल चारही बाजूंनी बाहेर आलेला, ती दिसते तेव्हा ब्रेक मारून उपयोग नसतो, आणि स्टिअरिंग ओढलं की मागची गाडी अंगावर. पंक्चर झालं, डिझेल संपलं तर लोक चार दगड लावतात आणि गाडी निघाली की दगड तिथेच सोडतात, त्या दगडांनी मोटरसायकलवाले मरतात.

आमच्या लाइनचंही सांगतो, लपवण्यासारखं नाही. ड्रायव्हर जागून जागून चालवतात. केळीची गाडी दिल्लीला वेळेत पोचली नाही तर भाडं कापतात, मग कुठला आराम. आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, घासलेला टायर, त्यात ओव्हरलोड, तो फुटणारच. पळासनेरला २०२३ च्या जुलैमध्ये कंटेनरचा ब्रेक फेल झाला आणि तो गाड्यांना उडवत थेट हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. तो उतार सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे. न्यूट्रलवर गाडी सोडतात डिझेल वाचवायला, त्याला काय म्हणायचं.

कोर्टकचेरी_धुळे
शिरपूरवाले दादांनी टायरचं काढलं ते बरं केलं. विमा कंपन्या कोर्टात म्हणतात टायर फुटला म्हणजे देवाची करणी, आमची जबाबदारी नाही. मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये हे म्हणणं फेटाळलं. हवा जास्त भरणं, जुना टायर वापरणं, वेग, तापलेला रस्ता या माणसाने बघायच्या गोष्टी आहेत, असं कोर्टाने म्हटलं. ब्रेक फेलचंही तसंच. नुसतं ब्रेक फेल झाला सांगून सुटता येत नाही, गाडीची देखभाल नीट केली होती आणि तरीही बिघाड कळण्यासारखा नव्हता हे मालकालाच दाखवावं लागतं.

आता ट्रॉली. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ बघा, सार्वजनिक रस्त्यावर दुसऱ्याला धोका होईल अशा रीतीने गाडी किंवा ट्रेलर सोडून जाता येत नाही. म्हणजे उभी गाडीसुद्धा निष्काळजीपणा असू शकते, आणि हे तुमच्या दाव्यातलं सगळ्यात मोठं दार आहे. पिकअपच्या विम्याला तुमचा भाऊ गाडीतला बेकायदा प्रवासी, पण ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या विम्याला तो बाहेरचा माणूस, सरळसरळ त्रयस्थ पक्ष. त्या पॉलिसीला पिकअपमध्ये कोण कसं बसलं होतं याच्याशी काही घेणंदेणं नाही.

आणि दोन गाड्यांच्या चुकीने तिसऱ्याचा जीव गेला तर तो तिसरा दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, दोघांनी आपसात टक्केवारी नंतर वाटून घ्यावी. सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल आहे. एफआयआरमध्ये नाव नाही म्हणून ट्रॅक्टरवाला दाव्यातून सुटत नाही. फौजदारी केसला शंकेपलीकडचा पुरावा लागतो, मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं तेवढं बघतात. उद्या ड्रायव्हर फौजदारीत निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा चालतो.

तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोघांचे नंबर, आरसी आणि विमा मिळवा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि बऱ्याचदा विमा फक्त ट्रॅक्टरचाच असतो, त्यावर कंपनी वाद घालेल. विमा नसेलच तर तो शेतकरी स्वतः देणं लागतो. अवॉर्डची म्हणजे निकालाची रक्कम दिली नाही तर कलम १७४ खाली प्राधिकरण कलेक्टरला दाखला देतं आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. बागायतदार माणसाला याचा अर्थ बरोबर कळतो, म्हणूनच मिटवा मिटवा चाललंय.

सरळवाट
ट्रॉलीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, हे मान्य. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच, बसणाऱ्याची चूक अजिबात धरत नाहीत का? हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, तिघं एका गाडीवर?

कोर्टकचेरी_धुळे
धरतात, पण त्या चुकीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. मोटरसायकलवर तिघं होते एवढ्यावरून भरपाई कापता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलंय, कारण मागून गाडीने ठोकलं तर दोघं असते काय आणि तिघं असते काय. नियम मोडला त्याचा दंड वेगळा. पिकअपच्या मागच्या हौद्यात बसलेल्या माणसाने ना स्टिअरिंग धरलं होतं ना ट्रॉली उभी केली होती. कंपनीचा वकील टक्केवारी कापून मागेलच, त्याला उत्तर द्यायची तयारी ठेवायची.

हां, चालवणारा स्वतःच स्वतःच्या चुकीने गेला तर मात्र त्याच्या वारसांना कलम १६६ खाली काही मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, थोडक्या हप्त्यात मिळतो, आणि लोक नेमका तोच खोडून टाकतात.

रस्ता_बांधणारा
मी या लाइनीत नोकरी करतो म्हणून कंपनी-बिंपनी काही लिहीत नाही. पण मंडळी, सगळं ड्रायव्हरवर ढकलून चालणार नाही. चौपदरी झाला म्हणजे रस्ता सुरक्षित झाला असं होत नाही. डिव्हायडर फोडून ढाब्यासमोर कट केलेले असतात, शेतात जायला दोन किलोमीटर वळसा नको म्हणून ट्रॅक्टर उलट्या बाजूने येतात, आणि वळसा खरंच लांब असतो हेही खरं, आराखडा करताना शेतकऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. जळगावात समांतर रस्त्यांसाठी लोकांनी किती वर्षं आंदोलनं केली आठवा, शहराच्या पोटातून नॅशनल हायवे आणि त्याच रस्त्यावर शाळेच्या सायकली. काम चालू असताना डायव्हर्शनला बॅरल नाही, रात्री ब्लिंकर नाही, मातीचा ढीग तसाच.

कायद्यात २०१९ पासून कलम १९८ अ आहे, रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल मानकाप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना १ लाखापर्यंत दंड. वापर मात्र फारसा दिसत नाही. खड्ड्यांचं बघायचं तर मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिलाय, खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमीला इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. हे लोकांना माहीतच नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्यात खड्डा लिहून घेतला पाहिजे, पोलीस नुसतं 'भरधाव वेगात' लिहून मोकळे होतात.

सिव्हिलची_सिस्टर
मला कायद्याचं कळत नाही पण दवाखान्यातलं सांगते. आमच्याकडे अपघाताचा पेशंट आला की एमएलसी, म्हणजे पोलीस केसची दवाखान्यातली नोंद, होते, तिचा नंबर नातेवाइकांनी लिहून ठेवावा. खासगीत हलवलं तरी पहिल्या दवाखान्याची नोंद सोडू नका, नंतर कंपनीवाले म्हणतात हा अपघाताचाच पेशंट कशावरून. पायात रॉड टाकलाय त्या दादांची बिलं, गोळ्यांच्या पावत्या, ॲम्ब्युलन्सची पावती, एक्स-रे सगळं एका पिशवीत ठेवा, आणि जखम भरल्यावर अपंगत्वाचा दाखला. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंतचा उपचार, यादीतल्या दवाखान्यात.

आणखी एक. कॅज्युअल्टीच्या बाहेर माणसं फिरत असतात, क्लेम करून देतो, इथे सही करा, एवढे टक्के आमचे. बाईच्या कपाळाचं कुंकू पुसलं नाही तोवर तिच्यापुढे कागद धरतात. मला बघवत नाही. आणि जखमीला आणणाऱ्या माणसाला घाबरवू नका हो, तो नाव न सांगता गेला तरी चालतं, पोलीस त्याला थांबवून ठेवू शकत नाहीत, २०१६ पासून सुप्रीम कोर्टाचा तसा आदेश आहे आणि आता तर कायद्यातच कलम १३४ अ आहे.

कोर्टकचेरी_धुळे
सिस्टर अगदी बरोबर. निकालाच्या रकमेतली टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. वहिनी स्त्री आहेत एवढ्यावरच त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट त्यांना नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात ऑफिस असतं.

बोरीकाठ
ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पोलीस स्टेशनला जाऊन कागद काढले. घटनास्थळ पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे, तोवर ट्रॉली ओढून कडेच्या मुरमावर घेतलेली, त्यामुळे पंचनाम्यात ट्रॉली 'रस्त्याच्या कडेला' आहे. पण वऱ्हाडातल्या पोरांनी रात्रीच मोबाइलवर फोटो काढले होते, त्यात ट्रॉलीची दोन चाकं डांबरावर स्पष्ट दिसतात आणि मागे काही चमकत नाही, फ्लॅश असूनही. जवळच्या पंपावर कॅमेरा आहे पण त्यांनी सांगितलं जुनं रेकॉर्डिंग राहात नाही. हे फोटो चालतील का? आणि अंदाजे किती मिळतं ते सांगाल का, वहिनींना नाही, मला माहिती असावं म्हणून. भाऊ शेतमजुरी करायचा आणि सिझनला जिनिंगला जायचा, महिन्याला बारा हजाराच्या आसपास पडायचे.

कोर्टकचेरी_धुळे
फोटो फार महत्त्वाचे आहेत. ज्या मोबाइलमध्ये काढले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, व्हॉट्सॲपवर फिरलेली कॉपी नको, मूळ फाइल लागते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ज्याने फोटो काढला त्या मुलाला साक्षीला यावं लागेल, त्याची आत्ताच मनाची तयारी करून घ्या. ट्रॉली जागेवरून हलवली हे ओढणाऱ्यांपैकी कुणी सांगायला तयार असेल तर अजून चांगलं.

रकमेचा हिशोब सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा आणि प्रणय सेठी या दोन निकालांवर चालतो. १२ हजार सिद्ध झाले असं धरू. चाळिशीच्या आतला, पक्की नोकरी नसलेला, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे १६,८००. अवलंबून चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, १२,६००. वर्षाचे १,५१,२००. वय ३४, त्या वयाला गुणक १६. म्हणजे २४,१९,२००. त्यावर अंत्यविधी, वारसा आणि पत्नी-मुलं-आई यांच्या सहवासाची रक्कम वेगळी, आणि व्याज. लाख रुपयात मिटवा म्हणणाऱ्यांना हा हिशोब दाखवायची गरज नाही, तुम्ही लक्षात ठेवा.

पण १२ हजार सिद्ध करायला काहीतरी लागेल. जिनिंगच्या मजुरीच्या पावत्या, बँक पासबुक, मुकादमाची साक्ष, रोजगार हमीचं कार्ड, जे असेल ते. काहीच नसेल तर प्राधिकरण किमान वेतनावरून अंदाज धरतं आणि तो बहुतेक वेळा कमीच असतो.

पांझरा_८०
मधेच विचारतो, माफ करा. माझ्या मेव्हण्याला वाळूच्या डंपरने उडवलं, नंबर प्लेटच नव्हती, डंपर सापडला नाही. त्याला काहीच नाही का? आणि मागच्या वर्षी मी माझी जुनी कार विकली, गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या, घेणाऱ्याने नावावर केली की नाही माहीत नाही, वरचं वाचून झोप उडाली.

कोर्टकचेरी_धुळे
गाडी सापडली नाही तर कलम १६१, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज कोर्टात नाही, तालुक्याच्या तहसीलदार किंवा प्रांत ऑफिसला. सोबत एफआयआर, दवाखान्याचे कागद किंवा पोस्टमार्टेम रिपोर्ट, ओळखपत्र, बँक खातं. पुढे डंपर सापडला तर रीतसर १६६ चा दावा करता येतो, मग ही रक्कम त्यातून वळती होते.

कारचं: आज संध्याकाळी परिवहनच्या साइटवर किंवा ॲपवर नंबर टाकून बघा. नाव तुमचंच दिसलं तर फॉर्म २९ ची प्रत घेऊन आरटीओत जा आणि विक्रीची लेखी कळवणी देऊन पोच घ्या. कायद्याने ही कळवणी विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते. आणि घेणाऱ्याला पकडून नावावर करून घ्यायला लावा, कारण नाव बदलेपर्यंत टांगती तलवार तुमच्यावरच.

ट्रान्सपोर्टवाला_शिरपूर
पिकअपच्या ड्रायव्हरचं लायसन्स साधं कारचं असेल तर कंपनी तेही काढेल ना ताई? आमच्याकडे हेच कारण सांगून क्लेम अडवतात.

कोर्टकचेरी_धुळे
आता नाही अडवता येत. साडेसात हजार किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय. पिकअप त्यात बसते. लायसन्स त्या तारखेला चालू होतं का एवढं बघा.

केळीगट_रावेर
आमच्या गटाची मीटिंग झाली. पुढच्या हंगामापासून टोळीसाठी वेगळी गाडी आणि मुकादमाच्या वहीत गाडीमालकाची सही, एवढं पास झालं. काही व्यापारी कुरकुरले, खर्च कोण करणार म्हणून. आम्ही सांगितलं गाडीमागे वाटून घेऊ. आणि गटातल्या सगळ्या ट्रॉल्यांना मागून लाल रिफ्लेक्टर टेप मारायला घेतलाय, भुसावळहून रोल आणले. बोरीकाठ भाऊ, तुमचं वाचून दाखवलं मीटिंगमध्ये, नाव न घेता.

बोरीकाठ
केळीगट दादा, वहिनींना सांगतो हे. इकडे विधी सेवाकडून वकीलसाहेब मिळाले, पिकअपचा आरसीवाला, विकत घेणारा, ड्रायव्हर, पिकअपची विमा कंपनी, ट्रॅक्टरमालक आणि त्याची विमा कंपनी असे सगळे सामनेवाले केलेत. ट्रॅक्टरचा विमा चालू निघाला, ट्रॉलीचा नाही. दावा मुदतीत दाखल झाला, नंबर पडला. ट्रॅक्टरवाल्याच्या घरून पुन्हा निरोप आला, आता अडीच लाख म्हणताहेत, वहिनींनी स्वतःच नाही सांगितलं. जखमींचे दावे वेगळे टाकतोय. आता पुढे काय लक्षात ठेवायचं ताई?

कोर्टकचेरी_धुळे
पहिल्या तारखांना एकच काम, सगळ्यांना नोटीस पोचली का ते बघणं. अर्ध्या दाव्यांची वर्षं यातच जातात. आरसीवरचा पत्ता जुना असेल तर अमळनेरच्या माणसाचा आत्ता राहतो तो पत्ता शोधून वकिलांना द्या. जखमींचे दावे तुमच्याच दाव्यासोबत एकत्र चालवायचा अर्ज द्या, म्हणजे तो फोटो काढणारा मुलगा एकदाच साक्षीला येईल. आणि पैसे मंजूर झाल्यावर मुलांच्या वाट्याची रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवायला सांगतात, त्यासाठी दोन्ही लेकरांचे जन्मदाखले आणि वहिनींच्या नावाचं खातं आत्ताच तयार ठेवा, नावातलं एखादं अक्षर आधार आणि पासबुकात वेगळं असेल तर तेही आत्ताच दुरुस्त करून घ्या.